करवतीचा पहिला झटका

लिंडसे पायबस त्या मंगळवारी काखेत करवत घेऊन आमच्या शेडमध्ये आला, तेव्हा त्याची बायको नेरिडा घरी पलंगावर होती, तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती आणि डॉक्टरांनी फार तर महिन्याभराची मुदत दिली होती. तेवढ्या दिवसांत लिंडसेला तिला पलंगावरून नदी दाखवायची होती. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण आम्हाला ते कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. तुम्ही तरी आमच्याइतके हुशार ठरू नये.

आमची शेड म्हणजे अग्निशमन केंद्रामागचं पत्र्याचं गोदाम. ह्युऑन नदीकाठच्या आमच्या गावात माणूस निवृत्त झाला की बायको पंधरा दिवस त्याचं कौतुक करते आणि सोळाव्या दिवशी त्याला शेडमध्ये धाडते. दर मंगळवारी आम्ही चौदा-पंधरा म्हातारे तिथे जमतो, शाळेची बाकं दुरुस्त करतो, पक्ष्यांसाठी घरं बनवतो, ज्यांत पक्षी राहत नाहीत, आणि चहा पितो. तिथे कुणी कुणाला खाजगी काही विचारत नाही. 'कसा आहेस' याला उत्तर 'वाईट नाही' एवढंच. दोन वर्षांपूर्वी एकाचा पाय गुडघ्याखाली कापला, तोही 'वाईट नाही' म्हणाला. आम्ही त्याच्या कुबड्यांसाठी सुरेख स्टँड करून दिला आणि विषय मिटवला.

दुसरी गोष्ट म्हणजे, आमच्याकडे माणूस आपलं हत्यार दुरुस्तीला आणू शकतो, आपलं काम आणू शकत नाही. असा नियम कुठे लिहिलेला नाही. पण स्वतःच्या घरचं लाकूड दुसऱ्याकडून कापून घेणं म्हणजे आता आपल्याच्याने होत नाही हे चारचौघांत कबूल करणं. त्यात लिंडसे होड्या बांधणारा. चाळीस वर्षांत त्याने एकतीस होड्या पाण्यात सोडल्या, आणि त्यांतली एकही बुडाली नाही, असं तो नाही, बाकीचे सांगतात.

तर लिंडसेने करवत बाकावर ठेवली. ती वरून खाली दाबून लाकूड कापायची, मोठ्या मोटरची. तो म्हणाला, "सुरू करताना घरातला खटका पाडते. नंतर काही नाही. फक्त पहिला झटका. तेवढा कमी करता येईल का?"

एवढंच. त्याने यापुढे एक वाक्य बोलायला हवं होतं आणि आम्ही एक विचारायला. दोन्ही झालं नाही.

न बोललेलं वाक्य असं होतं. पायबसांचं घर जुनं, सगळ्या भिंतींमधल्या सॉकेटना मिळून मेन बोर्डवर एकच खटका, करंट जास्त झाला की पडणारा. झोपायच्या खोलीतला पलंग लिंडसेनेच लग्नाच्या वर्षी बांधलेला, होडीतल्यासारखा, भिंतीत पक्का बसवलेला खोका, खाली खण. त्याला पाय नाहीत, म्हणजे खाली विटा सरकवायची सोय नाही. खिडकी उंच. तीन उशांना टेकून नेरिडा बसली तरी तिला चौकट दिसायची आणि वर आभाळ, आणि एप्रिल-मेमधलं, म्हणजे आमच्याकडच्या पानगळीतलं, राखाडी आभाळ हे काही शेवटचं बघावं असं नसतं. चाळीस वर्षं ती त्या खिडकीशी उभी राहून नवऱ्याच्या होड्या पाण्यात उतरताना बघत आली होती. आता उभं राहता येत नव्हतं. दवाखान्यात जायचं नाही, दवाखान्याचा पलंग घरात आणायचा नाही, फक्त पाणी दिसलं पाहिजे, असं तिने सांगितलं होतं. लिंडसेने तिच्या डोळ्यांच्या उंचीला दोरी ताणून माप घेतलं. नऊ इंच. गादीखाली नऊ इंचांची चौकट घालायची, वर पट्ट्या. वीसेक तुकडे. व्हरांड्यात ब्लॅकवुडच्या फळ्या पडून होत्या. हातकरवत चालवायला त्याचा उजवा खांदा केव्हाच निकामी झालेला, म्हणून विजेची. त्याने पहिला तुकडा कापायला बटण दाबलं आणि खटका पडला. ऑक्सिजनचं मशीन बंद पडून किंचाळायला लागलं. तो बोर्डाकडे धावला, खटका वर केला, पण मशीनला पुन्हा जोर धरायला मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात तिचे ओठ निळे झाले. बाजूला ठेवलेला सिलिंडर लावेपर्यंत तिने त्याचा हात धरून ठेवला होता. त्यानंतर त्याने करवतीला हात लावला नाही, थेट मंगळवारी शेडमध्ये आणेपर्यंत. मंगळवारीच, कारण त्या दिवशी दहा ते साडेअकरा शेजारची ग्लेनिस नेरिडाजवळ बसायची. बाकी वेळ तो घराबाहेर पडत नव्हता.

आणि आमच्या शेडमध्ये, लिंडसे उभा होता तिथून दहा पावलांवर, स्वतंत्र जोडणीची मोठी करवत होती. वीस तुकडे म्हणजे किटली उकळेपर्यंतचं काम.

पण आम्हाला मोटर मिळाली होती. पंधरा म्हाताऱ्यांना एक बिघडलेली मोटर म्हणजे नाताळ.

ॲथॉल आमचा इलेक्ट्रिशियन, पंचेचाळीस वर्षं गावाच्या भिंतींत तारा घातलेला. बेव्हन शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. त्याने ॲथॉलला नववीत नापास केलं होतं आणि दोघांपैकी कुणीही ते विसरलेलं नव्हतं. वयात फरक फक्त नऊ वर्षांचा. आता दोघंही ऐंशीच्या आगेमागे, म्हणजे सारखेच.

बेव्हनने खडू घेतला. उभी असलेली मोटर ही जवळजवळ नुसती तार असते, त्याने समजावलं. फिरायला लागली की ती स्वतःच करंटला अडवते, पण पहिल्या क्षणी अडवायला कुणी नसतं, म्हणून ती सातआठपट ओढते. ॲथॉल म्हणाला की हे त्याला माहीत आहे, आणि नववीतही माहीत होतं. त्याच्या खणात थर्मिस्टर नावाची बटणाएवढी वस्तू पडली होती. थंड असताना करंटला अडवते, तापली की सोडून देते. आत्ता वायरीत जोडतो, म्हणाला, दहा मिनिटांत घेऊन जा.

"आणि लगेच दुसरा काप घ्यायचा असेल तर?" बेव्हन म्हणाला. "ती गरमच राहणार. गरम म्हणजे अडवणार नाही. पुन्हा झटका."

"मग थांबायचं दोन मिनिटं. चहा प्यायचा."

"प्रत्येक कापाला चहा? लिंडसे, काप किती घ्यायचे आहेत तुला?"

"वीसेक," लिंडसे म्हणाला.

बघा, इतक्या जवळ आलो होतो आम्ही. बेव्हनने 'किती' विचारलं कारण त्याला उत्तर गणितात घालायचं होतं. 'कशाचे' या प्रश्नाला त्याच्या गणितात जागा नव्हती. मी तिथेच होतो, सेक्रेटरी म्हणून सगळं वहीत लिहून घेत होतो. मी लिहिलं: काप सुमारे वीस.

वीस कप चहा म्हाताऱ्याच्या मूत्राशयाला झेपणार नाही, यावर एकमत झालं आणि थर्मिस्टर पुन्हा खणात गेला. बेव्हनचा उपाय मंजूर झाला. पहिला अर्धा सेकंद करंट एका जाड रेझिस्टरमधून सोडायचा, मोटर फिरू लागली की रिले नावाचा आपोआप चालणारा स्विच खट्कन तो रस्ता ओलांडून सरळ रस्ता उघडतो. लग्नाच्या दारात एखादा आडदांड मामा उभा करावा, तो पाहुण्यांना एकेक करून आत सोडतो आणि गर्दी ओसरली की स्वतः जेवायला जातो, तसा. दर वेळी बटण दाबलं की मामा पुन्हा दारात हजर. कितीही काप घ्या. उपाय खरोखर निर्दोष होता. आजही मला त्यात खोट काढता येत नाही, आणि मी बराच प्रयत्न केला आहे.

फक्त सामान होबार्टहून मागवावं लागणार होतं.

लिंडसे 'बरं' म्हणाला. घड्याळाकडे बघितलं आणि निघाला. मी त्याला दाराशी विचारलं, नेरिडा कशी आहे. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की तिला दम लागतो. तो म्हणाला, वाईट नाही.

दुसऱ्या मंगळवारी सामान आलं नव्हतं. पण वेळ वाया जाऊ नये म्हणून आम्ही चाचणी घेतली. शेडची जोडणी भक्कम, तिथे खटका पडेना. मग ॲथॉलने पन्नास मीटरची बारीक वायर गुंडाळीतून सोडून लिंडसेच्या घराची नक्कल तयार केली आणि तिच्या टोकाला करवत आणि एक दिवा लावला. बटण दाबलं की दिवा मान टाकायचा. किती टाकतो यावर वाद झाला. बेव्हन म्हणे निम्मा, ॲथॉल म्हणे तिसरा हिस्सा. हात वर करून मतदान घेतलं. लिंडसे मागे उभा राहून त्या दिव्याकडे बघत होता. मी त्याला म्हणालो, "तुझ्या करवतीने आमची लोकशाही जिवंत केली बघ." तो हसला. त्याचं हसणं मी पाहिलं आणि मला वाटलं, माणूस मजेत आहे.

सव्वाअकराला तो निघून गेला.

तिसऱ्या मंगळवारी सामान आलं, आणि साडेदहापर्यंत ॲथॉलने बसवलंसुद्धा. रेझिस्टरला पत्र्याची डबी, डबीला हवेची भोकं, वायरींना नीट पट्ट्या. बेव्हनला काही चूक काढायची होती, त्याने चष्मा दोनदा पुसला आणि शेवटी म्हणाला की पास करायला हरकत नाही. ॲथॉलचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होता. एकसष्ट वर्षं तो या वाक्याची वाट बघत होता. बटण दाबलं. मोटरने हिसका दिला नाही. झोपेतली मांजर अंग ताणत उठते तशी ती उठली आणि मग तिने सूर धरला. दिवा ढिम्म. आम्ही टाळ्या वाजवल्या. कुणीतरी लॅमिंग्टन केकचा डबा उघडला.

लिंडसेने करवतीचं हँडल धरलं. "नेतो मग," म्हणाला.

आणि मी म्हणालो, टॅग नाही.

आता हे सांगायला हवं. शेडमध्ये उघडलेलं कुठलंही विजेचं यंत्र परवानाधारक तपासनिसाने तपासून त्याच्या वायरीला रंगीत टॅग लावल्याशिवाय बाहेर जात नाही. हा ठराव माझा. बेव्हनने दुरुस्त केलेल्या एका टोस्टरने चर्चच्या सकाळच्या चहात धूर काढला, त्यानंतर मी तो मांडला, आणि स्वतःच्या अक्षरात मोठ्या कागदावर लिहून दारावर डकवला. ॲथॉलचा परवाना निवृत्तीबरोबर संपलेला. तपासनीस महिन्यातून एकदा, पहिल्या मंगळवारी येणार. म्हणजे पुढच्या.

लिंडसे हँडल धरूनच उभा होता. "आजच थोडं काम होतं, क्लेम," तो मला म्हणाला.

"सगळ्यांना सारखा नियम, बाबा. आज तुला सोडलं तर उद्या बेव्हन टोस्टर घेऊन पळेल."

सगळे हसले. बेव्हन सगळ्यांत जास्त.

"एवढं कसलं अडलंय," मी म्हणालो, "काम काही पळून जातंय का आठवड्यात?"

हा प्रश्न नव्हता. आमच्याकडे ही बोलायची पद्धत आहे. लिंडसेने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या हातात हँडल होतं, तो ते घेऊन चालू लागला असता तर आमच्यातल्या कुणाच्या गुडघ्यांत त्याला अडवायची ताकद नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "काम कुठे पळतंय."

त्याने हँडल सोडलं. जाताना लॅमिंग्टनचे दोन तुकडे कागदात बांधून घेतले. एक बायकोला, म्हणाला.

चौथ्या मंगळवारी तपासनीस आला. करवत तपासायला त्याला दीड मिनिट लागलं. त्याने हिरवा टॅग लावला आणि डबी बघून विचारलं की हे इतकं व्यवस्थित कुणी केलं. ॲथॉल आणि बेव्हन दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. लिंडसे आला नव्हता. दहा वाजून गेले, अकरा वाजले. मग शेडचा फोन वाजला आणि तो मी घेतला.

ग्लेनिस होती. नेरिडा रविवारी सकाळी गेली, म्हणाली. फार त्रास झाला नाही. लिंडसेने सांगितलंय की करवतीची घाई नाही, पण तुम्ही सगळ्यांनी इतकी मेहनत घेतलीत म्हणून आभार कळवायला सांगितलेत. तिला वाटलं असावं की आम्हाला सगळं ठाऊक आहे, कारण पुढे ती म्हणाली, "चौकट तेवढी राहून गेली हो, क्लेम. शनिवारीसुद्धा ती विचारत होती, आज पाणी शांत आहे का म्हणून. तो उभा राहून बघायचा आणि तिला सांगायचा."

मी म्हणालो, कसली चौकट? तेव्हा तिने सगळं सांगितलं.

फोन ठेवून मी ते बाकीच्यांना सांगितलं. मला वाटतं मी बातम्या वाचाव्यात तसं सांगितलं. ॲथॉल उठला आणि सगळ्यांचे कप गोळा करून विसळू लागला, भरलेलेसुद्धा. नळ चालू होता. पाठ आमच्याकडे ठेवून तो म्हणाला, "थर्मिस्टर माझ्या खणातच होता."

बेव्हनने फळ्यावरचं गणित पुसायला घेतलं. ते तीन आठवडे तिथेच होतं, खडू चांगलाच बसला होता.

मी मोठ्या करवतीकडे बघत होतो. लिंडसे उभा होता तिथून पावलं मोजली. दहा म्हणालो खरा वर, पण नऊच होती.

गुरुवारी मी करवत घेऊन पायबसांकडे गेलो. खरं म्हणजे जायला दुसरं कुणी तयार नव्हतं आणि मलाही कुणी दुसरा गेलेला चालला नसता. गाडीत मी काय बोलायचं ते तीनदा जुळवलं. लिंडसेने दार उघडलं आणि मी म्हणालो, "टॅग लागला."

"छान," तो म्हणाला. "आत ये."

ऑक्सिजनचं मशीन दाराशी उभं होतं, नळीचं वेटोळं करून वर ठेवलेलं. कंपनीची माणसं न्यायला यायची होती. खोलीत पलंगावरची गादी उघडी होती, उशा एकावर एक. व्हरांड्यात ब्लॅकवुडच्या फळ्या, त्यांच्यावर पेन्सिलीच्या खुणा, प्रत्येक खुणेला आकडा. त्याने करवत तिथेच मांडली आणि सॉकेटमध्ये घातली. बटण दाबायच्या आधी त्याने एकदा घराच्या आत वळून बघून घेतलं. सवय असणार. मग दाबलं. मोटर हळूच उठली. पॅसेजमधला दिवा जळत होता तसाच जळत राहिला.

"सुरेख काम केलंय," तो म्हणाला. "ॲथॉलला सांग. बेव्हनलाही."

मी सांगतो म्हणालो. मग मला वाटलं आता काहीतरी बोलावं, आणि मी 'लिंडसे' इतकं बोललोही. तो पहिली फळी उचलत होता.

"खुणा केलेल्याच आहेत," तो म्हणाला. "टोक धर जरा."

मी टोक धरलं. एकेक फळी, एकेक काप. तो खांद्याला सांभाळून डाव्या हाताने दाबत होता, मी पडणारे तुकडे झेलत होतो. एकदाही खटका पडला नाही. एकवीस तुकडे झाले. मग जोडणी, मग पट्ट्या. सगळं मिळून एक तास पाच मिनिटं. मी घड्याळ बघणार नव्हतो, पण ते समोरच भिंतीवर होतं. आम्ही चौकट आत नेली, खोक्यावर ठेवली, ती केसाचीही फट न राहता बसली. वर गादी. गादीवर त्याने तीन उशा लावल्या, एक आडवी, दोन उभ्या, आणि मधल्या उशीला वरून हाताने खळगा पाडला. ते त्याने न बघता केलं.

मग बूट काढून तो स्वतः वर चढला, टेकला, हात पोटावर ठेवले.

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी उभा होतो. खिडकीकडे बघायचं मला धाडस होत नव्हतं, म्हणून मी त्याच्या मोज्यांकडे बघत होतो. डाव्या अंगठ्याला भोक होतं.

शेवटी मीच विचारलं, "दिसते का रे?"

"नाही," लिंडसे म्हणाला.

मी मान वर केली.

"नाही दिसत, क्लेम. दोन इंच कमी पडले. पलीकडच्या कुंपणाची कड येते मध्ये." तो उठून बसला आणि पाय खाली सोडून बूट शोधू लागला. "मापच चुकलं माझं. मागच्या आठवड्यात केलं असतं तरी तिला काही दिसलं नसतं. उगाच खट्टू झाली असती. झालं ते बरंच झालं म्हणायचं." बुटाची नाडी बांधायला त्याला वेळ लागला. "किटली ठेवतो," म्हणाला, आणि गेला.

स्वयंपाकघरात नळाचा आवाज आला. मी तिथे उभा राहिलो. मग गेलो आणि बुटांसकट, पाय बाहेर लोंबकळत ठेवून, त्या तीन उशांना टेकलो. खळग्यात डोकं बरोबर बसलं. नेरिडा माझ्यापेक्षा अर्ध्या वितीने ठेंगणी होती, म्हणून मी थोडा खाली घसरलो, तिच्या उंचीला आलो.

समोर सगळी नदी होती. धक्का, धक्क्याला बांधलेली पांढरी होडी, पिवळं तरंगतं पिंप, त्याच्याजवळ आठ काळे हंस. पलीकडच्या काठावर सफरचंदांच्या बागा, पानं गळायला आलेली. कुंपण कुठे मध्ये नव्हतं. खिडकीच्या चौकटीची खालची कड अगदी पाण्याच्या रेषेला टेकली होती, मुद्दाम मोजून टेकवावी तशी. पाणी शांत होतं.

पावलं वाजली तसा मी उठलो, उशीचा खळगा होता तसा केला आणि दाराशी येऊन उभा राहिलो. लिंडसेने कप माझ्या हातात दिला. आम्ही दोघं त्या पलंगाकडे बघत चहा प्यायला लागलो. काहीतरी बोलणं भाग होतं, आणि तो थांबला होता.

"दोन इंच म्हणजे बरेच झाले," मी म्हणालो.

"बरेच," लिंडसे म्हणाला.